क्वीन्सलँडमध्ये घर कुठे घ्यावं? आधी पाणी बघा, मग समुद्र

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात यायचं ठरतंय. वहिनी नर्स आहेत आणि त्यांच्या दोन मुलाखती झाल्यात, एक ब्रिस्बेनच्या दक्षिण भागातल्या रुग्णालयाची, दुसरी टाऊन्सव्हिलची. तुमचं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, बरंचसं घरून होणारं. मुलगी साडेचार वर्षांची. व्हिसा 190 म्हणजे कायमचा मिळेल की 491 म्हणजे तात्पुरता, ते अजून नक्की नाही. समुद्राजवळ राहायची हौस आहे आणि भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा आल्या आल्या घर घ्यावं असा विचार आहे. तर कुठे घ्यावं?

मी 2009 पासून ब्रिस्बेनमध्ये आहे. सांगलीला सिव्हिल शिकलो आणि इथे घरतपासणीच्या कामात पडलो. कुणी घर घ्यायचं ठरवलं की करार पक्का होण्याआधी ते पत्र्यावर चढून आणि जमिनीखाली सरपटत जाऊन बघायचं, आणि काय सडलंय, काय खचलंय ते लिहून द्यायचं. इतक्या वर्षांत आपली माणसं कुठे फसतात ते जवळून पाहिलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो. आल्या आल्या घर घेऊ नका. एक वर्ष भाड्याने राहा आणि त्या वर्षात जानेवारी ते मार्च हे तीन महिने इथे काढा. इथला पावसाळा तेव्हा असतो. घर घेण्याआधी त्या भागातला एक तरी पावसाळा डोळ्यांनी बघायला हवा. व्हिसा 491 निघाला तर तसंही थांबावं लागेल. तो तात्पुरता व्हिसा आहे, आणि 1 एप्रिल 2025 पासून तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांना जुनं, आधी कुणी राहिलेलं घर विकत घ्यायला बंदी आहे. नवीन बांधकाम परवानगी काढून घेता येतं, पण नव्या देशात पहिल्याच वर्षी कुणी त्या फंदात पडू नये.

आता अंतरांचा अंदाज घ्या, कारण नकाशा फसवतो. क्वीन्सलँड महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठं आहे आणि वस्ती जेमतेम 55 लाखांच्या आसपास, तीही बहुतेक आग्नेय कोपऱ्यात. ब्रिस्बेनपासून गोल्ड कोस्ट 80 किमी, सनशाइन कोस्ट 100 किमी. टाऊन्सव्हिल मात्र 1,350 किमी आणि केर्न्स 1,700 किमी. म्हणजे तुमच्यापुढे दोन उपनगरं नसून दोन वेगळे मुलूख आहेत. हवा वेगळी, घरं वेगळी, विम्याचा हप्ता वेगळा.

व्हिसाचंही इथेच बघून घ्या. 190 ला राज्यात कुठेही राहता येतं. 491 ला 'रीजनल' भागात राहून काम करावं लागतं आणि तिथे तीन वर्षं झाल्यावर कायमच्या व्हिसाचा अर्ज करता येतो. ब्रिस्बेन त्या व्याख्येत बसत नाही. पण नोव्हेंबर 2019 पासून गोल्ड कोस्ट आणि सनशाइन कोस्ट बसतात, टूवूंबा आणि टाऊन्सव्हिल तर बसतातच. ब्रिस्बेनच्या दक्षिण कडेचे काही पिनकोड आत आहेत, काही बाहेर. त्यामुळे ऐकीव माहितीवर जाऊ नका, सरकारी यादीत पिनकोड घालूनच बघा.

घर कुठे, हे ठरवताना वहिनींची ड्यूटी केंद्रस्थानी ठेवा, तुमची नको. तुम्ही घरून काम कराल. त्यांची सकाळची पाळी सातला सुरू होईल, दुपारची रात्री साडेनऊला सुटेल, शिवाय रात्रपाळ्या. रात्री दहाला आगगाडी अर्ध्या तासाने येते आणि रुळांचं काम निघालं की तिच्या जागी बस धावते. बारा तास उभं राहून आलेल्या बाईला पाऊण तास गाडी चालवायला लागू नये, असं घर हवं. रुग्णालयापासून वीस मिनिटांचं वर्तुळ काढा आणि त्यातच शोधा. मी पाहिलेल्या नर्सच्या कुटुंबांत जी दमून गेली, ती बहुतेक ह्याच एका गोष्टीने.

आता मुख्य विषय, पाणी.

तुम्ही नाशिकचे, म्हणजे रामकुंडावर गोदावरी चढली की दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं, हे विचारत मोठे झालात. आम्ही सांगलीकर आयर्विन पुलाची पातळी विचारतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 57 फुटांवर गेली होती. ब्रिस्बेनकरही तसेच शहरातल्या मोजपट्टीचे आकडे पाठ म्हणून दाखवतात: 1974 ला 5.45 मीटर, 2011 ला 4.46, 2022 ला 3.85. जुन्यांतला एक मोठा 1893 चा, 8.35 मीटर.

2011 च्या जानेवारीत मी नदीकाठच्या एका उपनगरात भाड्याने राहत होतो. घर दाखवणाऱ्या एजंटने सांगितलं होतं, नदी इथवर येत नाही. नदी खरंच तिकडून आली नाही. 12 तारखेला ऊन पडलं होतं, आभाळ निळं होतं, आणि आमच्या रस्त्यावरच्या गटाराच्या जाळीतून बुडबुडे यायला लागले. आधी पाणी जाळीभोवती नुसतं फिरलं, मग रस्त्याच्या मधोमध एक चकाकती पट्टी झाली. नदीची पातळी वाढली की पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नळांतून ती उलटी आत शिरते. संध्याकाळपर्यंत पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीला होतं. सांगलीत कृष्णा येते ती समोरून येते, दिसते. इथे ती मागच्या दाराने आली. ती गोष्ट मी कॉलेजात शिकलो नव्हतो.

म्हणून 'नदीपासून लांब आहे' हे ऐकून निर्धास्त होऊ नका. आणि '2011 ला इथे पाणी आलं नव्हतं' हेही पुरेसं नाही. 2022 च्या फेब्रुवारीअखेर शहरावर तीन दिवसांत साडेसहाशे मिमीहून जास्त पाऊस पडला. नदी 2011 पेक्षा कमी चढली, पण ओढे फुटले. एनोगेरा क्रीक, केड्रन ब्रूक ह्यांच्या काठची, 2011 ला कोरडी राहिलेली किती तरी घरं त्या वेळी बुडाली. विवेनहो धरण 1974 च्या पुरानंतर बांधलं, त्यामुळे आता भीती नाही, असं म्हणणारेही भेटतील. धरणाच्या खालच्या बाजूला पडणाऱ्या पावसाला ते धरण काय करणार?

हे तपासायला एक पैसा लागत नाही. ब्रिस्बेन महापालिकेच्या संकेतस्थळावर पत्ता घातला की 'फ्लडवाइज' नावाचा अहवाल मिळतो. त्यात त्या भूखंडाची जमीन समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे आणि पुराची पातळी किती, दोन्ही मीटरमध्ये असतात. ह्या दोन आकड्यांची वजाबाकी करा, बाकी सगळं नंतर. त्यात '1 टक्का' असा उल्लेख येईल. त्याचा अर्थ शंभर वर्षांतून एकदा असा घेऊ नका, तो दर वर्षीचा धोका आहे. 30 वर्षांच्या कर्जाच्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता साधारण चारात एक होते. पाणी नदीचं, ओढ्याचं की रस्त्यावरून वाहत येणारं, तेही त्यात वेगवेगळं असतं. तिन्ही वाचा.

1 ऑगस्ट 2025 पासून विकणाऱ्याने खरेदीदाराला माहितीपत्रक देणं कायद्याने बंधनकारक झालंय. लोकांना वाटतं, त्यात पुराचं असेलच. नसतं. पुराची चौकशी आपणच करायची आहे.

प्रत्यक्ष घरी गेलात तर मी काय बघतो ते सांगतो. खांबांवर उभं असलेलं जुनं लाकडी घर असेल तर खाली वाका आणि टॉर्च मारा. खांबांवर एकाच उंचीवर फिकट तपकिरी रेघ दिसते का? वरचं लाकूड गडद, खालचं धुतल्यासारखं? तळमजल्याच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर आडवा, हाताला लागेल न लागेल असा सांधा आहे का? पुरात खालचे जिप्समचे तक्ते भिजतात, तेवढेच कापून नवे लावतात आणि वरून रंग देतात. विजेचा बोर्ड शेजाऱ्यांपेक्षा उंच बसवलाय का? कपाटाचा सर्वात खालचा खण उघडून वास घ्या. आणि त्या रस्त्यावर मध्येच गवताचे रिकामे प्लॉट दिसले तर विचारा, इथे घर होतं का. 2022 नंतर वारंवार बुडणारी घरं शासनाने मालकांकडून विकत घेऊन पाडली. इप्सविचजवळच्या गुडनात तुम्हाला अशा मोकळ्या जागा दिसतील.

सर्वात सोपी परीक्षा विम्याची. आवडलेला पत्ता दोन-तीन विमा कंपन्यांच्या संकेतस्थळांवर घाला आणि पुरासकट हप्ता विचारा. शेजारच्या टेकडीवरच्या घराच्या दुप्पट-तिप्पट आकडा आला, तर त्या घराबद्दल मी वेगळं काही सांगायची गरज उरत नाही.

आता ऊन, कारण इथे आपली पिढीजात समजूत उलटी पडते. आपण दक्षिणेच्या खिडक्यांना घाबरतो. इथे आपण विषुववृत्ताच्या दुसऱ्या बाजूला आहोत, सूर्य उत्तरेकडून जातो. हिवाळ्यात ऊन हवं तर बैठकीची खोली उत्तरेला हवी. जुलैत ब्रिस्बेनची पहाट दहा अंशांची असते, आणि ही घरं थंडीसाठी बांधलेलीच नाहीत. पातळ लाकडी भिंती, फटींतून वारा. दक्षिणेला तोंड करून बसलेल्या घरात आई-बाबा दिवसभर शाल पांघरून बसतील. कपडे वाळत घालायची दोरी दक्षिणेच्या अंगाला असेल तर पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास आणि कपाटात बुरशी ठरलेली. पश्चिमेच्या मोठ्या काचा मात्र इथेही वाईट. जानेवारीत दुपारी तीननंतर ती खोली तव्यासारखी तापते. वास्तुशास्त्र मानणारे मित्र मला पूर्वेचं दार शोधायला सांगतात. मी त्यांना म्हणतो, दार पूर्वेला जरूर बघा, पण आधी फोनमधलं होकायंत्र घेऊन स्वयंपाकघरात उभे राहा आणि उत्तर कुठे ते बघा.

वाळवी हा तिसरा मुद्दा, पण तो जागा निवडण्यापेक्षा घर राखण्याचा आहे. इथली वाळवी एका उन्हाळ्यात दाराची चौकट पोकळ करते आणि साध्या घरविम्यात ते नुकसान सहसा धरत नाहीत. घराची तपासणी वाळवीसकट करा आणि नंतरही दर वर्षी करत राहा.

समुद्राची हौस मला समजते. पण ब्रिस्बेन समुद्रावर नाही, नदीवर आणि मोरेटन उपसागरावर आहे. रेडक्लिफ, सँडगेट, विनम, मॅनली इथे घराजवळ पाणी मिळतं, पण ते शांत, उथळ, ओहोटीला चिखल उघडा पडणारं. लाटांसाठी तासभर गाडी चालवून दोन्हींपैकी एका कोस्टवर जावं लागतं. माझा अनुभव विचाराल तर लहान मुलीला उपसागरच बरा. आम्ही वेलिंग्टन पॉइंटला जातो. ओहोटीला तिथे वाळूची वाट उघडी पडते आणि चालत समोरच्या छोट्या किंग बेटावर जाता येतं. मुलं डबक्यांतले खेकडे बघतात, आणि पाणी घोट्याला लागायच्या आत परत फिरायचं. वेळापत्रक भरती-ओहोटीचं, आपलं नाही. कोकणात ज्यांचं आजोळ आहे त्यांना हे सांगावं लागत नाही.

दक्षिण भागातली नोकरी मिळाली तर माझा सल्ला रनकॉर्न, कुराबी, एट माइल प्लेन्स, रॉचडेल ह्या पट्ट्यात भाड्याचं घर बघण्याचा. आपली वस्ती आहे, वाणसामानाची दुकानं जवळ, बेनली मार्गाची आगगाडी किंवा शहराकडे जाणारा बसमार्ग हाताशी, आणि वेलिंग्टन पॉइंट अर्ध्या-पाऊण तासावर. पण तिथेही बुलिंबा क्रीकच्या काठचे सखल रस्ते आहेत, अहवाल काढल्याशिवाय सही नको. स्प्रिंगफील्डचं नाव तुम्हाला बरेच जण सुचवतील. नवी घरं, रुंद रस्ते, 2013 पासून रेल्वे. वाईट नाही, पण ते पश्चिमेला आत आहे. समुद्राचा वारा पोहोचेपर्यंत दुपार गेलेली असते, उन्हाळा जास्त तापतो आणि दक्षिणेच्या रुग्णालयात रोज जायचं तर मोटरवेवर अडकाल.

टाऊन्सव्हिलबद्दल ब्रिस्बेनमधली मंडळी नाक मुरडतात, मी मुरडत नाही. वहिनींच्या कामासाठी ते उत्तम आहे. मोठं विद्यापीठ-रुग्णालय, उत्तर क्वीन्सलँडचे सगळे गंभीर रुग्ण तिथे येतात, शिकायला खूप मिळतं. घरापासून रुग्णालय पंधरा मिनिटं. घरं स्वस्त. मराठी कुटुंबं मोजकी, पण मोजकी असली की एकमेकांना धरून राहतात. 491 निघाला तर तिथेच जा असं मी म्हणेन.

पण तिथे घर घेताना तुमचा शत्रू वारा. 1971 च्या ऑल्थिया वादळाने टाऊन्सव्हिल आणि 1974 च्या ट्रेसीने डार्विन मोडलं, त्यानंतर बांधकामाचे नियम बदलले. जेम्स कुक विद्यापीठात 1977 पासून चक्रीवादळात घर कसं टिकतं ते तपासणारं केंद्रच आहे. म्हणून तिथे 1980 च्या दशकाच्या मध्यानंतरचं घर बघा. त्याआधीचं असेल तर छत भिंतींना आणि भिंती पायाला लोखंडी पट्ट्या-सळ्यांनी बांधल्यात का, ते माळ्यावर चढून बघणारा तपासनीस घ्या. गॅरेजचा मोठा दरवाजाही बघा. वाऱ्याने तो आत ढकलला गेला की घरात दाब भरतो आणि छत आतून उचललं जातं. पुराचंही विसरू नका, 2019 च्या फेब्रुवारीत रॉस नदीच्या धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि शहरातली उपनगरं बुडाली. ह्या सगळ्याचा भार विम्याच्या हप्त्यावर येतो, तेव्हा स्वस्त घराचा हिशोब हप्ता धरूनच मांडा. आणि तिथला समुद्र नोव्हेंबर ते मे ह्या महिन्यांत बघण्यासाठी आहे. विषारी जेलीफिश असतात, जाळी लावलेल्या जागेतच पोहायचं. मगरींच्या पाट्या असतात त्या खऱ्या असतात.

बाकीच्या गावांबद्दल थोडक्यात. गोल्ड कोस्टला लाटा आहेत, चांगलं रुग्णालय आहे, पण रेल्वे स्टेशनं किनाऱ्यापासून आत आहेत आणि मोटरवेची कोंडी रोजची. अगदी सीमेवर कूलांगट्टाला घर घेतलंत तर अजून एक भानगड: क्वीन्सलँड घड्याळ बदलत नाही, पलीकडचं न्यू साउथ वेल्स उन्हाळ्यात एक तास पुढे जातं, मग रस्त्याच्या एका बाजूला शाळा आणि दुसऱ्या बाजूला नोकरी असली की रोज तासाचा घोळ. सनशाइन कोस्ट सुंदर आहे, पण रेल्वे किनाऱ्यापर्यंत जात नाही. टूवूंबा घाटमाथ्यावर, थंड, समुद्राचा प्रश्नच नाही. केर्न्सचा पाऊस मुंबईसारखा, दोन हजार मिमीच्या घरात, आणि काम बहुतेक पर्यटनाचं.

मुलीच्या शाळेचं लवकर बघा. 30 जूनपर्यंत पाच वर्षं पूर्ण झाली की त्याच वर्षी जानेवारीअखेर ती 'प्रेप'ला बसते. सरकारी शाळांना ठरलेली हद्द असते, आणि ज्या शाळांना मागणी जास्त तिथे हद्दीबाहेरच्यांना सहसा जागा मिळत नाही. भाड्याच्या घराचा पत्ताही चालतो, पण हद्दीची रेघ कधी रस्त्याच्या मधून जाते. नकाशावर घर क्रमांक घालून बघा.

भाड्याचे नियम इथे भाडेकरूच्या बाजूने बरे आहेत, ते वापरा. बाँड म्हणजे डिपॉझिट चार आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही आणि तो मालकाकडे न राहता सरकारी प्राधिकरणाकडे जमा होतो. भाडं वर्षातून एकदाच वाढवता येतं. घरात शिरताना एक फॉर्म मिळतो, '1ए' नावाचा, घराची अवस्था लिहिण्याचा. तो सात दिवसांत भरून द्यायचा असतो. लोक तो न बघता सही करून देतात आणि निघताना आधीच्या भाडेकरूने पाडलेल्या भोकांचे पैसे भरतात. पहिल्या दिवशी सामान आत आणण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, ओव्हनच्या आतला आणि पडद्यामागचाही.

वहिनींचं पत्र आलं की रुग्णालयाचं नाव आणि पाळ्यांच्या वेळा कळवा. वीस मिनिटांच्या वर्तुळातले तीन-चार पत्ते पाठवलेत तर त्यांचे पुराचे अहवाल कसे वाचायचे ते मी तुमच्यासोबत फोनवर बसून दाखवीन. इथे रात्री नऊ म्हणजे तुमचे साडेचार, ती वेळ मला सोयीची पडते.